न फवारलेल्या ओळी

क्रांती चौकाच्या सिग्नलला विश्वजीतने ब्रेक जरा जोरातच दाबला आणि मागे बसलेल्या नीरजाचं नाक त्याच्या जाकिटाच्या कॉलरवर आपटलं. घडलं ते एवढंच. नाकाला लागलंही नाही. पण त्या कॉलरला औषधाचा वास होता. दवाखान्यातलं औषध नव्हे. तिच्या सासरी, पाचोडला, ज्याला नुसतं 'औषध' म्हणतात ते, पिकावरच्या किडीला मारायचं. कुजक्या लसणावर रॉकेल सांडावं तसा तो वास असतो आणि एकदा ओळखीचा झाला की विसरता येत नाही. नीरजाने मान मागे घेतली. शेजारचा रिक्षावाला फोनवर कुणाला तरी "अरे मैं चौक में इच खडा हूँ" असं पुन्हा पुन्हा सांगत होता. तिला वाटलं, आपली चूक होत असेल. चौकात एवढ्या गाड्यांचा धूर, त्यात काय वाटेल तो वास येईल. म्हणून तिने नाक पुन्हा पुढे नेलं, ह्या खेपेला मुद्दाम. वास कॉलरलाच होता. दुसऱ्या एखाद्या बाईला नवऱ्याच्या कॉलरला अत्तराचा वास आला असता. मग रडारड, माहेरची माणसं, सगळं रीतसर झालं असतं. हिला आला कीटकनाशकाचा. ह्यावर हसावं की काय करावं हे तिला कळेना. सिग्नल सुटला तेव्हा तिने नेहमीसारखा त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही, मागची कडी धरली.

हसण्यासारखं नव्हतंच, कारण नीरजाचं सगळं काम त्या वासाच्या विरुद्ध होतं. हर्सूलच्या पुढे एका पत्र्याच्या शेडमधल्या प्रयोगशाळेत ती बुरशी वाढवायची. वाफवलेल्या तांदळाच्या कणीवर, पिशव्यांमधून, पांढरी, मऊ. ही बुरशी माणसाला काही करत नाही, पिकाला काही करत नाही. मावा नावाची जी बारीक कीड झाडाचा रस पिते, तिच्या अंगावर हिचे कण बसतात, हवेत ओल असली की रुजतात, कातडीतून आत शिरतात आणि चार-सहा दिवसांत मावा आतून संपतो. मग त्याच्या मेलेल्या अंगावर पांढरी लव उगवते. ती लव हीच बुरशीची खूण. सासूच्या, म्हणजे सरूबाईंच्या, एकरभर करडईवर नीरजाने गेल्या रविवारी संध्याकाळी ती फवारली होती, सगळ्या शेतात, फक्त बांधाकडच्या चार ओळी सोडून. त्या चार ओळींवर काहीच मारायचं नव्हतं. बुरशी नाही, औषधही नाही. तिथला मावा जिवंत राहिला आणि इकडचा मेला, तरच म्हणता येणार होतं की बुरशीने मारला. नाहीतर थंडीने मेला, पाखरांनी खाल्ला, देवाने नेला, काहीही म्हणता येतं. उद्या शेजारचे पुंडलिकनाना आणि आणखी चौघं ते बघायला येणार होते. त्यांना पटलं तर बांधापलीकडची सगळी करडई यंदा नीरजाच्या बुरशीवर सोपवली जाणार होती. आणि ते खरं नसेल तर ती सगळी करडई माव्याच्या घशात जाणार होती, तीही नीरजाच्या शब्दावर.

विश्वजीत गुरुवारी उशिरा घरी आला होता. वाळूजच्या कंपनीत शिफ्ट लांबली म्हणाला. आणि शुक्रवारी सकाळी सरूबाईंचा फोटो आला: करडईचे शेंडे स्वच्छ, मावा औषधालाही नाही. सरूबाई फोटो काढायला नुकत्याच शिकल्या होत्या आणि त्यांच्या प्रत्येक फोटोत एका कोपऱ्यात त्यांचा अंगठा असायचा. तसा अंगठा, मागे बोरीचं झाड आणि मधे इतकी लख्ख करडई, की नीरजाला प्रयोगशाळेत एकटीलाच नाचावंसं वाटलं होतं. आता तोच लख्खपणा तिला सलायला लागला. बुरशी इतकं टापटीप काम करत नाही. तिने मारलेला मावा पानाला चिकटून राहतो, पांढरा होऊन. धुऊन काढल्यासारखं काम औषधाचं. हे तिला शुक्रवारीच कळायला हवं होतं. कळलं नाही कारण कळून घ्यायचं नव्हतं.

घरी आल्यावर त्याने जाकीट दारामागच्या खुंटीला अडकवलं आणि तो चहा टाकायला गेला. नीरजा खुंटीपाशी उभी राहिली आणि तिला आपली आई आठवली. पद्मजाबाईंचं घर नाकावर चालायचं. दूध, डाळ, ओले टॉवेल, शाळेतून आलेल्या मुलीचं डोकं, सगळं हुंगून मग पुढे. देवाचं फूल हुंगू नये हे त्यांनीच शिकवलेलं, पण नवऱ्याच्या शर्टाला ती मनाई नव्हती. भिजत टाकण्याआधी त्या शर्ट खिडकीशी नेत आणि डोळे मिटून सावकाश वास घेत. नीरजाचे वडील मुकुंदराव कचेरीत कारकून होते. त्यांनी सिगारेट सोडल्याला वर्षं लोटली होती, तरी शर्ट हुंगला जायचाच. एकदा नीरजाने विचारलं, आई, बाबांनी सोडलीय ना? "सोडलीय गं," पद्मजाबाई म्हणाल्या, "म्हणून तर बघायचं." त्या उत्तराचं तेव्हा तिला हसू आलं होतं आणि कीवही. तिने ठरवून टाकलं होतं की असला संसार आपण करायचा नाही. माहेरच्यांच्या कपाळाला आठ्या असताना पाचोडच्या शेतकऱ्याच्या मुलाशी लग्न केलं तेही ह्याच ऐटीत, की आमचं बाबा सगळं उघड. आणि आता जाकिटाची बाही नाकाला लावून ती उभी होती, डोळे मिटून, अगदी आईसारखी. उजव्या बाहीला वास जास्त होता. पाठीवरच्या पंपाचा दांडा डाव्या हाताने हलवतात, नळी उजव्या हातात धरतात.

"गुरुवारी शिफ्ट फारच लांबली होती का रे?" तिने तिथूनच विचारलं.

"हो ना. एक लॉट परत आला होता," आतून विश्वजीत म्हणाला. "का गं?"

"काही नाही."

"साखर कमी टाकू ना?"

खोटं बोलणारा माणूस लगेच साखरेचं विचारेल का, असं तिला वाटलं. आणि पुढच्याच क्षणी वाटलं, खोटं बोलणाराच विचारेल. चहा तिने घेतला. चहालाही तोच वास येत होता, पण ते तिने स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पाचोडला निघाले तेव्हा तिच्या मांडीवर बर्फाची पिशवी होती आणि पिशवीत दुसऱ्या फवारणीसाठी बुरशीची बाटली. विश्वजीतने तेच जाकीट घातलं होतं. ते त्याने धुतलं नव्हतं, लपवलंही नव्हतं, ह्याचा अर्थ काय लावावा ह्यातच अर्धा रस्ता गेला. गुरुवारी त्याने चोरून शेतात औषध का मारलं असावं हे कोडं मात्र तिला नव्हतं. डिसेंबरात तिच्या पिशव्यांमध्ये दुसरीच हिरवी बुरशी शिरली होती, महिन्याभराचं काम उकिरड्यावर गेलं होतं, आणि ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून म्हणाली होती, ह्या खेपेला नाही जमलं तर सोडून देईन मी सगळं. विश्वजीत तेव्हा काहीच बोलला नव्हता. भांडी विसळत राहिला होता. तो असा गप्प बसला की काहीतरी ठरवतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं. म्हणजे तेव्हाच त्याने ठरवलं असणार की बायकोला हरू द्यायचं नाही. लहान मुलाशी पत्ते खेळताना मोठी माणसं मुद्दाम हरतात तसं. तिला राग आला होता तो फसवल्याचा कमी. ही हरणारच असं त्याने धरून चाललं ह्याचा जास्त. मग एकेक मागचं उसवायला लागलं. तिच्या पहिल्या पिशवीत लव धरली तेव्हा तो "भारी" म्हणाला होता, ते खरं होतं का? लग्नाआधी तिने बुरशीवर तासभर भाषण दिलं होतं आणि तो हनुवटीला हात लावून ऐकत बसला होता, तो ऐकत होता का? आणि सरूबाईंना ठाऊक होतं का? असणारच. त्यांना बुरशी पहिल्यापासून नको होती. बुरशी म्हणजे लोणच्यावर येते ती, आणि ती आली की घरातली कुणी बाई शिवली ह्याची चौकशी होते, एवढं त्यांचं बुरशीचं ज्ञान. "लोणच्यावर आली तर बाईला बोल लावत्यात," त्या पहिल्यांदा म्हणाल्या होत्या, "अन् तू हौसंनं वावरात सोडायली?" तरी त्यांनी एकर दिलं. सासरे रामकिसन गेल्यापासून शेत त्याच बघत होत्या, कुणी जबरदस्ती केली नव्हती. नव्या पंपाला हळदकुंकू लावून, दोन्ही हात जोडून दिलं. तेही नाटकच का? पुढे बसलेल्या माणसाच्या पाठीकडे बघत नीरजा गावोगाव मनाने उलटी जात राहिली आणि तिला कुठेही अशी जागा सापडेना जिथे पाय टेकावा.

शेतात गाडी उभी राहिली तशी ती कुणाशी न बोलता करडईत शिरली. सरूबाई बांधावर उभ्या होत्या, त्या "अगं पाणी तर पी" म्हणाल्या, तेही तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. करडईचे काटे सलवारीतून टोचत होते. तिला फक्त एक पान हवं होतं, ज्याच्या खाली काहीच नाही असं. म्हणजे सगळं संपलं असतं आणि तिला गाडीवर बसून परत जाता आलं असतं. तिने पहिलं पान उलटलं. पानाखाली मावा होता, मेलेला, शिरेला चिकटलेला, आणि त्याच्या अंगावर पांढरी लव होती. तिने दुसरं झाड बघितलं. मग चार झाडं सोडून एक. मग शेताच्या पार मधोमध जाऊन, उकिडवं बसून, गळ्यातलं भिंग डोळ्याला लावून. सगळीकडे होती. कुठे दाट, कुठे विरळ, काही मावे अजून जिवंतही होते, सुस्तावलेले, जागचे न हलणारे. औषधाने हे असं होत नाही. तिची बुरशी होती ही. तिनेच वाढवलेली, ओट्याला टेकून जिच्यावर पाणी सोडलं होतं ती. आनंद व्हायला हवा होता आणि तो वाटेतच कुठेतरी अडकून बसला, कारण त्याच्या आधी प्रश्न आला: मग वास कसला?

ती बांधाकडच्या चार ओळींकडे गेली. तिथे बोरीचं झाड होतं. शेंडे लख्ख होते, फोटोतल्यासारखे, पानाखाली काही नाही, आणि बुडाशी मातीवर मेलेल्या माव्याचे काळे वाळलेले कण सांडले होते. फोटो इथलाच होता. ज्या चार ओळींना कुणी बोटही लावायचं नव्हतं, त्याच धुऊन निघाल्या होत्या.

"म्याच म्हणलं त्याला," मागून सरूबाई म्हणाल्या. त्या केव्हा आल्या ते नीरजाला कळलं नव्हतं. "त्याला काय बोलू नको. त्यो नाय म्हणत व्हता. लई येळा नाय म्हणला."

"आई, मी सांगितलं होतं ना, ह्या ओळी अशाच राहू द्यायच्या?"

"सांगितलं व्हतंस. म्या बी व्हय म्हणलं व्हतं." सरूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "पर रोज सांजच्याला इकडून जायचं म्हंजी जीव खाली-वर व्हायचा. तिकडच्या झाडांला तू काय तरी दिलंस, अन् हितली नुसती बघत उभी. शेंडे माना टाकायले, पानं चिकट झाली. अर्धी पोरं जेवाया बसवायची अन् अर्धी दारात उभी करायची, हे मला नाय जमत बाई. राख टाकून बघितली, राखंनं काय व्हतंय. मग ह्याला फोन केला. म्हणलं, येतो का मी जाऊ गावातून औषध घिऊन?"

विश्वजीत बोरीखाली येऊन उभा राहिला होता. घरी तो तिच्याशी शहरातलं बोलायचा, इथे आला की त्याची बोली पायातल्या चपलेसारखी बदलायची. आता त्याला कोणतं बोलावं ते सुचत नसावं. "सांगणार होतो," तो म्हणाला. "शुक्रवारी तू फोटो बघून इतकी खूश झालीस, आणि फोटो नेमका ह्याच ओळींचा. मग कसं सांगायचं ते कळेना. दुसऱ्या दिवशी चौकात तू मागे सरकलीस. मला वाटलं, वास आला हिला, आता विचारेल. तू शिफ्टचंच विचारत बसलीस."

"मला वाटलं तू सगळ्याच शेतात मारलंस," नीरजा म्हणाली. सासूसमोर त्याला अहो म्हणायची तिची रीत होती, ती ह्या वेळी राहून गेली. "माझं जमावं म्हणून."

त्याने तिच्याकडे बघितलं. त्याला राग यायला थोडा वेळ लागला आणि आला तेव्हा त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मी कशाला मारू तिकडं? तिकडं तुझी बुरशी होती की. ती मारणारच होती मावा. मला खात्री होती म्हणून तिकडं पंप नेलाच नाही." मग तो म्हणाला, "तुलाच नव्हती का?"

कालपासून तिने त्याची बाही हुंगली, फोटो तपासला, लग्नाआधीच्या गोष्टीही उकरल्या. आणि ह्या सगळ्या वेळात एकदाही, एका क्षणासाठीही, तिच्या मनात आलं नव्हतं की फोटो कुठलाही असो, बुरशीने काम केलं असेल. तिने नवऱ्यावर संशय घेतला असं तिला वाटत होतं. तो खरा बुरशीवर होता, आणि बुरशीमागे उभ्या असलेल्या बाईवर. तिला लाज वाटली. साधी, कान गरम करणारी लाज.

तेवढ्यात पुंडलिकनाना बांध ओलांडून आले, मागे चौघं. नाना सरूबाईंच्या वयाचे, उंच, बोलायच्या आधी घसा साफ करणारे. त्यांनी इकडची पानं बघितली, तिकडची बघितली, पुन्हा इकडची बघितली. "दोन्हीकडं सारखंच दिसतंय की, सूनबाई. मग तुमच्या बुरशीनं काय दिवे लावले?"

"ह्या चार ओळींवर औषध मारलंय, नाना."

"अन् तिकडं?"

"तिकडं फक्त बुरशी."

"कशावरनं?" नानांनी घसा साफ केला. "बेस्तरवारी पंप माझाच नेला व्हता ह्यानं. तवा म्या इचारलं नाय. पर चार ओळीला बी पंपच लागतो अन् एकराला बी पंपच लागतो." त्यांनी पुढे होऊन विश्वजीतची उजवी बाही धरली आणि सहज, जनावराच्या बाजारात चारा हुंगावा तशी हुंगली. "वास अजून गेला नाय गड्या."

मागचे चौघं हसले. नीरजा बघत राहिली. तिचाच संशय, तिचंच नाक, तीच उजवी बाही. फक्त आता तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा होता, आणि त्यात कुठेही चूक काढता येत नव्हती. तिने लव धरलेलं पान पुढे केलं. एकजण म्हणाला, चुन्याचं बोट लावलं तरी असंच दिसतंय. सरूबाई त्याच्यावर खेकसल्या, "माझी सून चुना लावत बसल का पानापानाला?" आणि तो आणखीच हसला.

"ते ऱ्हाऊ द्या," नाना म्हणाले. त्यांचा सूर आता थट्टेचा नव्हता. "आमच्या गळ्यात बांधायच्या आदी येवढं सांगा. तुमची सोताची खात्री हाय का?"

आहे, म्हणायला काहीच लागलं नसतं. बाटल्या विकणारे सगळे तेच म्हणतात. नीरजाने विश्वजीतकडे बघितलं.

"काल नव्हती," ती म्हणाली. "काल मलाही हाच वास आला, नाना, ह्याच बाहीचा. आणि मलाही हेच वाटलं, की ह्यांनी सगळीकडे औषध मारलं. आज मघाशी पानं उलटली तेव्हा कळलं. हे मला म्हणाले, त्यांना पहिल्यापासून खात्री होती. मला नव्हती."

नानांनी तिच्या हातातलं पान घेतलं, अंगठ्याने एक मावा खरवडला, पांढरं काही बोटाला लागतं का बघितलं, आणि मग ते बोट नाकाला लावलं. "घरची बाईच नवऱ्यावर वहिम घेती म्हणल्यावर," ते म्हणाले, "दोघं मिळून तर आम्हाला फशिवत नसतीन." मग त्यांनी बांधापलीकडे हात केला. "माझ्या चार ओळी देतो. लई मावा हाय तिथं. बाकीच्यांवर मी माझं औषध मारणार, तुमचं चुकलं तर चारच जातीन."

"आणि शेजारच्या चार ओळींवर काहीच मारायचं नाही," नीरजा म्हणाली.

नानांनी सरूबाईंकडे बघितलं. "मी तिकडं बघणारच नाय," सरूबाई म्हणाल्या. "तोंड फिरवून जाईन."

ऊन उतरलं होतं, थोड्या वेळाने दव धरलं असतं. बुरशीला हवी तशी संध्याकाळ होती. विश्वजीत खोपटातून तिचा पंप घेऊन आला. पंपावर सरूबाईंनी लावलेल्या हळदकुंकवाची बोटं अजून होती, वाळून तडकलेली. त्याने झाकण काढलं आणि पंप तिच्यासमोर धरला. "ह्यात औषध गेलेलं नाही," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "म्हणून तर नानांचा नेला होता. वास घेऊन बघ."

तो टोमणा मारत नव्हता. खरंच म्हणत होता. नीरजा पंपाच्या काळ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. पंपात औषधाचा थेंबही राहिला असेल तर नानांच्या ओळींतला मावा कशाने मेला हे पुन्हा कुणालाच कळणार नव्हतं, आणि तिसऱ्यांदा तिचं ऐकायला कुणी येणार नव्हतं. हुंगून बघणं शहाणपणाचं होतं. पण कालपासून तिच्या नाकात तोच वास बसला होता; चहाला येत होता, ओढणीला येत होता, मघाशी बोरीच्या पानालासुद्धा आला होता. वाकून बघितलं असतं तर तो येणारच होता, आणि तो पंपाचा की तिचा, हे तिला सांगता आलं नसतं. पुंडलिकनाना बांधावर उकिडवे बसून तिच्याकडेच बघत होते. तिने विश्वजीतच्या हातातून झाकण घेतलं, बर्फाच्या पिशवीतून बाटली काढली आणि हलवून हलवून तिचं बूच उघडलं.

"पाणी आण," ती म्हणाली, आणि विश्वजीत बादली घेऊन विहिरीकडे गेला.